त्या दिवशीचा बाजार

बाई, आज वर्गात स्मरणचित्राचा सराव घेतला, आणि एकाही मुलाने बाजारातली माणसं आपल्याकडे तोंड करून ओळीने उभी केली नाहीत. "बाजारात कोण फोटो काढून घ्यायला उभं असतं रे?" या तुमच्या एका वाक्यावर माझी नोकरी चालली आहे. नियमही तुमचाच ठेवलाय: बाजारात कागद न्यायचा नाही, आधी डोळे भरून बघायचं, मग घरी येऊन काढायचं.

त्या दिवशी मी पारनेरचा बाजार बघितला, पण काढायला घरी पोचलोच नाही. त्याच दुपारी केडगावात कुणीतरी दुकानातले मोबाईल पळवले होते, आणि मी एसटीतून उतरल्याबरोबर पोलिसांनी मला उचललं. दुकानदाराने पाठमोरा बघितलेला चोर म्हणे माझ्याच चणीचा, असाच शर्ट घातलेला. मी बाजारात होतो हे सांगून सांगून घसा बसला, पण तिथे मला ओळखणारं कुणीच नव्हतं. नुकतीच अठरा पूर्ण झालेली, त्यामुळे थेट तुरुंगच.

तुम्ही भेटायला आलात ते अजून दिसतंय. मी रडतोय आणि तुम्ही चिडलाय. "रडून झालं की काढायला बस. कुठलाही बाजार नको, त्या दिवशीचा काढ." कागद-पेन्सिल तुम्ही साहेबांशी भांडून आत पोचवलीत. मी काढलं: मेथीच्या ढिगात घुसलेली शेळी, तिची शिंगं धरून ओढणारा मी, आणि जुडी उगारलेली भाजीवाली, कपाळावर गोंदण, एका हाताला फडकं बांधलेलं.

ते चित्र घेऊन तुम्ही वकिलांबरोबर अख्खा बाजार पालथा घातलात. शेवटी तीच भाजीवाली साक्षीला उभी राहिली. "ही मीच हाय. शेळी ह्याच पोरानं धरली. दुसऱ्या दिशी लेकीचा साखरपुडा हुता, त्यो दिवस इसरन कशी?" सगळं कोर्ट हसलं. मी निर्दोष सुटलो, बाई, छाती पुढे काढून पायऱ्या उतरलो. आणि तुम्ही चित्र डोळ्यांजवळ नेऊन म्हणालात, "शेळीचे मागचे पाय चुकलेत."

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून एक सांगतो. आईला अजून सांगितलेलं नाही, तिला लागेल. ते चित्र काढलं त्या दुपारी आपण तुरुंगात आहोत हे मी साफ विसरलो होतो, आणि शिपायाने जेवायला हाक मारली तेव्हा मला त्याचा राग आला.