अटी लिहून दे, म्हणाली

प्रिय भिंगरी,

हल्ली मी तुझ्या दुकानासमोरून जात नाही. औषधं आणायची असली तरी मागच्या गल्लीने जाते. परवा मात्र मुद्दाम गेले. तुझ्या दारातल्या पडद्यांची नक्षी जोडावर अशी जुळली होती की कापड कुणी बेतलंय हे विचारायची गरजच नव्हती. तू आपली शिवणकामाची भागीदारी सोडून निघालीस, निम्मी गिऱ्हाइकं तुझ्यामागे गेली, ते मी पचवलं. पण आपली कापड बेतणारी कात्री तुझ्याकडे गेली ते अजून घशाखाली उतरत नाही. तिला हे नाव मीच ठेवलं, कापायलाही मीच शिकवलं, आणि आता लोक तिला ‘भिंगरीची कात्री’ म्हणतात.

मी तिला काय कमी केलं होतं, सांग. तिची आई आजारी पडली तेव्हा मी म्हटलं, हवे तितके दिवस तिच्यापाशी राहा. एका डब्यात जेवायचो आम्ही. मग त्या हॉटेलची मोठी ऑर्डर आली आणि मी सगळ्यांची रविवारची सुट्टी मंगळवारवर टाकली, संध्याकाळही थोडी लांबवली. कात्रीने हातातलं कापड खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, “बाई, हे आम्हाला आधी विचारायचं नाही का?” मी म्हटलं, घरात कुणी विचारत बसतं का. तिने कापड पुन्हा उचललं. ऑर्डर पूर्ण करून दिली आणि तुझ्याकडे गेली.

मग कळलं की तू पहिल्याच दिवशी प्रत्येकीच्या हातात सहीचं पत्र देतेस. कामाची वेळ, सुट्टी, जादा वेळेचा मोबदला, बाळंतपणाची रजा, काम सोडायचं किंवा काढायचं तर आधी किती दिवस सांगायचं, सगळं त्यात. मी गावभर सांगत सुटले की भिंगरीला माणसं परकी, म्हणून कागद लागतो. आमच्याकडे जीव लावतात. ऐकणाऱ्या माना डोलवायच्या. माझा मात्र आतून जळून कोळसा झाला होता.

एकदा हे लेकीसमोर बोलले. शिक्षण संपल्यापासून ती माझ्याच कारखान्यात बसते, हे तुला ठाऊक आहे. दारावरच्या पाटीवर पुढे तिचं नाव येणार हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं. ती म्हणाली, भिंगरीमावशी उपकार करत नाही, कायदाच तसं सांगतो. माणूस कामावर घेतला की मालकाने अटी लिहून द्यायच्या. कायद्याने जे मिळायला हवं त्याहून कमी लिहायचं नाही, कामाला येणारी कबूल असली तरी नाही. आणि एकदा ठरलेलं मालकाने एकट्याने फिरवायचं नाही. मी म्हटलं, झालं तुझं? तर म्हणाली, “मग माझ्याही अटी लिहून दे, आई. मी इथे कोण आहे, ते मला अजून कळलेलं नाही.” मी हसले. अगं, तू मालकीण, तुला कसल्या अटी? ती हसली नाही.

तरी ते शब्द टोचत राहिले. वकिलाकडे जाऊन आले. मशीनवरच्या सगळ्या जणींना बसवून विचारलं, रविवार परत केला, पत्रं दिली. एकीने ते दोनदा वाचलं आणि मला चहा आणून दिला, आजवर कधी न दिलेला. लेकीलाही पत्र दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं, “छान लिहिलंयस,” म्हणाली आणि सही न करता टेबलावर ठेवलं.

का, ते मला औषधांच्या दुकानात कळलं. कात्री भेटली. तिला वाटलं, मला ठाऊकच आहे. लेक तुझ्याकडे काम मागायला आली होती, तूही तिला इतरांसारखंच पत्र दिलंस आणि तिने अजून उत्तर दिलेलं नाही. घरी तर चकार शब्द नाही. जेवताना माझा चेहरा वाचत बसते फक्त. ती जाईल याचं दुःख आहेच, भिंगरी, पण ती तुझ्याकडे जाईल याने जास्त जळतं. कुठल्याही अनोळखी दारात गेली असती तर मी पेढे वाटले असते.

तिला आईच्या सावलीबाहेर काम करायचंय, एवढं मला समजतं. मी दुखावेन म्हणून ती तुला हो म्हणत नाहीये. आज तिला मीच सांगणार आहे की जा. पण माझा भरवसा नाही, तोंड उघडेपर्यंत मन फिरेल. म्हणून आधी तुला लिहून देते, म्हणजे मला एकटीला ते मागे घेता यायचं नाही. सोमवारी ती येईल. चुकली तर बोल, माझी मुलगी म्हणून सांभाळून घेऊ नकोस. फक्त तुझ्या पत्रात सुटायची वेळ सहाची आहे म्हणे, तर सहाला सोड. मग गप्पांना बसवून ठेवू नकोस. सहानंतर ती माझी आहे.

तुझीच, आणि तुझ्यावर अजून रुसलेली,
मी