पहिल्या नंबरचं गाणं आणि उतरलेले सेल

वडीगोद्री, बुधवार, १९८८

बापूच्या डोळ्याची पट्टी शुक्रवारी निघणार, असं डॉक्टरांनीच आज सांगितलं. शाळेपासूनचा माझा सोबती, पण ऑपरेशननंतर धास्तावून माझ्याशीही बोलत नव्हता. दिसेल ना त्याला?

संध्याकाळी रेडिओवर साठच्या दशकातल्या गाजलेल्या गाण्यांची क्रमवारी होती. रेडिओ त्याच्या उशाशी लावला. बोटांनी ताल धरला त्यानं. नेमकं पहिल्या नंबरचं गाणं सुरू झालं आणि रेडिओचा आवाज बसला.

“सेल उन्हात ठेवले न्हाई का? साळंत व्हतो तवाबी इसरायचास,” बापू बोलला.

उतरलेले सेल उन्हात तापवायचे खरंच विसरलो होतो. मग उरलेलं गाणं त्यानंच म्हटलं, बेसूर, पण पूर्ण. बरं झालं सेल विसरलो.

शुक्रवारी म्हणे तो आधी सेल बघणार, मग माझं तोंड.