एल्सीच्या माहेराचा पत्ता

प्रिय एल्सी,

आज टपाल आलं, आणि ज्याला ते वाचून दाखवावं असं घरात कुणी नव्हतं. तुला जाऊन दोन वर्षं होत आली तरी अशा वेळी हाक तुलाच जाते. म्हणून लिहितोय. तुझं माहेर सापडलं गं!

हसू नकोस. आधी ऐक.

शिमग्याच्या आधी खानेसुमारीवाला आला होता. माझाच जुना विद्यार्थी, आता चौलला मास्तर आहे. ओटीवर बसला, चहा घेतला, पेन्सिल काढली.

"गुरुजी, घरात माणसं किती?"

"दोन," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली नाही. पेन्सिल नुसती कागदावर टेकवून बसला. "एक लिही रे," म्हणालो, तेव्हा कुठे ती हलली.

तो गेल्यावर वाटलं, तिकडे स्कॉटलंडात तुझ्या आजोबांच्या दारातही असाच कुणी येऊन उभा राहिला असेल! ते कागद असतील का अजून? एडिंबरोच्या सरकारी दप्तराला इंग्रजीत पत्र लिहिलं. चुका काढायला तू नव्हतीस, तसंच धाडलं.

माझ्या घरी आलीस तेव्हा तुझ्यामागे कुणीच नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, दीपगृहावर नोकरी करणारे वडीलही गेलेले. आजोबा जॉन, बोटीवरचे मिस्त्री, इकडे आले आणि इथल्याच मुलीशी लग्न करून राहिले. एवढीच तुझी वंशावळ. कोळीवाड्यातली गंगू मासळीची पाटी उतरवायच्या आत विचारायची, "एल्सीबाय, दिवालीला म्हायेरी न्हाय जायाचा? तुजा म्हायेर तरी कंचा गो?"

"समुद्रापल्याड," तू म्हणायचीस. "तुझ्या सुरमईला विचार, तिला वाट ठाऊक हाय."

दोघी खो खो हसायच्या. पण मी शाळेतली माहेरची कविता डोळे मिटून म्हणू लागलो, की तू उठायचीस. "पुरे हो, दूध उतू जाईल." चुलीवर दूध कधीच नसायचं! सरळ का नाही सांगितलंस, की ऐकवत नाही म्हणून?

स्वातंत्र्य आलं त्या साली तुझ्या वडिलांचे स्नेही बायकामुलांसह विलायतेला निघाले. आपण मुंबईच्या धक्क्यावर पोचवायला गेलो होतो. "घरी चाललो," म्हणत होती ती माणसं. ते घर त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं! रेवसच्या लाँचमध्ये परतताना तू पाण्याकडे बघत म्हणालीस, "मी कुणाच्या दारात जाऊन उभी राहिले असते हो?"

मी तुझी पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

एडिंबरोहून पहिलं उत्तर आलं: स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तुझ्या आडनावाचे चार जॉन, चारही मासेमारांची मुलं, वयंही जवळपास सारखी. यातला आपला कोणता? मग तू सांगितलेली गोष्ट आठवली, की आजोबांची आई आंधळी होती, गळाला आमिष नुसत्या बोटांनी लावायची. तेवढंच कळवलं.

आज उत्तर आलं. जुन्या खानेसुमारीत आंधळ्यांची नोंद करत असत! गाव पोर्टक्रेग. बाप मासेमार. आई मार्गारेट, आंधळी. मुलगा जॉन, वय सात. आणि त्याची तान्ही बहीण, एल्सी. तुझ्या वडिलांनी आपल्या आत्याचं नाव तुला ठेवलं, हे तुला तरी माहीत होतं का गं?

मोठ्यानं वाचलं. मांजर उठून गेलं. मग गंगूच्या दारात गेलो. तिला हल्ली कमी ऐकू येतं, तू मासेमारांच्या घरची हे दोनदा सांगावं लागलं.

"कोल्याची पोर?" पदर तोंडाला लावून म्हणाली, "मी कवाच बोलले व्हते, ही आमच्यातलीच हाय!" आणि रडायला लागली. मी घरी येईपर्यंत धीर धरला.

आळीतले पुरुष बायको माहेरी गेली की दोन दिवस खुशीत असायचे. तिसऱ्या दिवशी घर खायला उठतं म्हणून आपल्याच ओटीवर येऊन बसायचे. मला ते कधी अनुभवायला मिळालं नाही. घर खायला उठतंच आहे, पण आता कुणी विचारलं तर सांगता येईल, पोर्टक्रेगला गेलीय, माहेरी.

तेव्हा राहा निवांत. पणजीजवळ बस, तिला आपला किनारा सांग. लवकर ये, असं मी लिहिणार नाही. एवढा मात्र शब्द देतो: न्यायला दुसऱ्या कुणाला धाडणार नाही. मी स्वतः येईन.

तुझाच,
वामन