ट्रालीचं कुलूप

आमगाव, पुढचं घर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. दुधरामदादास धाकट्या योगराजचा दंडवत.
पोळ्यापासून आपलं बोलणं बंद आहे, म्हणून चिठ्ठी. वाटणीत ट्राली सामायिक राहिली, पण पाळीवरून रोज भांडण नको. ट्रॅक्टरला जोडायच्या तिच्या पुढच्या कडीला मी गोंदियाहून आणलेलं कुलूप लावलं आहे. चोराचा बाप आला तरी उघडत नाही, असं दुकानदार म्हणाला. तुमची पाळी आली की मंजूकडून चावी मागून न्यावी.
लोभ असावा, ट्रालीचा नसावा.
योगराज

मागचं घर
२० नोव्हेंबर

चि. योगराजला आशीर्वाद.
चिठ्ठी पोचली. तुझी बायको मंजू अंगण ओलांडून घेऊन आली, चहा पिऊन गेली. चावी मागायची गरज पडली नाही. तुझ्या शामकला वहिनीने गोठ्याची चावी घालून जरा हलवली, तर कुलपाने जांभई दिली. गुरांना तणस आणली, ट्राली धुतली, कुलूप परत लावलं. चोराचा बाप आला नाही, शामकला आली, एवढं दुकानदाराला कळव. ती विचारते, भाऊजी कायले पैसे फेकून राहिले?
राग असला तरी लोभ सोडू नये.
दुधराम

पुढचं घर
२८ नोव्हेंबर, सकाळ

ती. दादास दंडवत.
कुलूप बदललं. नवीन नारळाएवढं आहे. चावी मात्र बोडीच्या पाण्यात पडली, सापडून नाही राहिली. उद्या खरेदी केंद्रावर माझ्या धानाचा नंबर आहे आणि आभाळ भरलं आहे. नंबर हुकला तर पोती अंगणात भिजतील. वहिनीला तिची चावी घेऊन पाठवावं. विनंती वहिनीला आहे, तुम्हाला नाही.
लोभ तिचा असला तरी चालेल.
योगराज

मागचं घर
२८ नोव्हेंबर, संध्याकाळ

चि. योगराजला आशीर्वाद.
वहिनीची चावी चालली नाही. कुलूप खरंच जबर आहे. ज्या कडीला ते लावलं, ती मात्र एका नटावर आहे. पाना फिरवला, कडी निघाली, गोठ्यात एक जुनी कडी पडली होती, ती बसवली. तुझं कुलूप कडीला कवटाळून माझ्या खाटेखाली आहे, अजून बंदच. अभिनंदन.
ट्रॅक्टर जोडला, दोघी जावा पोती भरून राहिल्या. अडचण एकच. भरलेली ट्राली गल्लीतून उलटी काढायची, तर मागून 'आन दे, आन दे, बस' म्हणणारा लागतो. हे काम चिठ्ठीने होत नाही. चिठ्ठी पोचेपर्यंत शेजारच्या केवलरामची भिंत पडलेली असेल. सकाळी लवकर ये.
लोभ असावा, आणि उद्या तो मोठ्याने असावा.
दुधराम