मोडक्या हाडाची पाहुणी

२ फेब्रुवारी, रविवार

'बायांनो, सगळ्यांची ताटं वाढून जे उरतं, ते आपल्या वाट्याला येतं—' आठ मार्चच्या, महिला दिनाच्या भाषणाचं पहिलं वाक्य जमलं. पुढे अडलंय.

आईला गावठी कोंबडीचा रस्सा हवाय. गेल्या महिन्यात मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण वॉकर कोपऱ्यातच. लाल कोंबडी आणली, जिवंत — कारण आई आधी तपासणार.

तपासली. "पद्मे, सभेत लोकांना शहाणं करतेस आणि ही गावठी? चोच कापलेली दिसत नाही? पोल्ट्रीतली म्हातारी तुझ्या गळ्यात मारली." मग कोंबडीच्या छातीवरून हात फिरवला नि थांबली. "हाड वाकडं झालंय गं. पायावर उभीपण राहत नाही. हिला मी नाही खाणार."

३ फेब्रुवारी

टोपलीत अंडं! शेजारच्या कमळाबाई म्हणाल्या, "बघ, हॉटेलचं भाडं पण देते." उकडून आईला दिलं. महिन्याभरात पहिल्यांदा तिने वर मीठ मागून घेतलं.

५ फेब्रुवारी

कोंबडीला परळला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. अक्षदा नावाची तरुण मुलगी. तिने एक्स-रे लावून दाखवला — छातीचं हाड मोडून वाकडं जुळलेलं, पायांची हाडं विरळ.

"मूळ रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते," ती म्हणाली. "मग उबवायला बसते. त्या विसाव्यात हाड भरून येतं. हिच्या जातीकडून आपण तीनशे घेतो. टरफलाला लागणारं कॅल्शियम दाण्यातून पुरत नाही, मग ती ते हाडातून काढते."

"उपाय?"

"अंडी थांबली पाहिजेत. उजेड कमी करा, शिंपल्यांचा चुरा द्या. थांबली तर हाड पुन्हा धरेल. नाहीतर पाय कायमचे जातील."

घरी येऊन आईला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे परवा मी तिचं हाड खाल्लं."

६ फेब्रुवारी

आम्ही पाच भावंडं. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा आईने टोपात काय उरतं ते कधी आम्हाला दिसू दिलं नाही. माझी उंची, माझे दात, माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा हा आवाज — सगळं तिच्यातून आलेलं. 'कृतज्ञ' हा शब्द व्यासपीठावरून शेकडो वेळा फेकला असेल. आज उचलवत नाही.

११ फेब्रुवारी

कमळाबाईंनी वरळी कोळीवाड्यातून तिसऱ्यांच्या शिंपल्या आणल्या. आईने खुर्चीत बसून खलबत्त्यात कुटल्या. स्वतःच्या कॅल्शियमच्या गोळ्यांना हात लावत नव्हती — "खडू खाल्ल्यासारखं वाटतं." आज कोंबडीपुढे चुरा ठेवला आणि म्हणाली, "तू खा, मी खाते." दोघींनी खाल्लं. त्या कमळाबाईंचे उपकार कसे फेडू!

१९ फेब्रुवारी

अंडी चालूच. कालचं टरफल इतकं पातळ की हातात फुटलं. पाय थंड वाटतात तिचे. धीर सुटतोय माझा.

दिवेलागणीला टोपलीवर गोणपाट टाकायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय. त्यासाठी वॉकर धरून गॅलरीपर्यंत जाते. फिजिओथेरपीवाल्याने हात टेकले होते.

२ मार्च

पिसं झडताहेत. अक्षदाला फोन केला, घाबरून. ती हसली. "चांगलं लक्षण आहे ताई. शरीर विसावा घेतंय." परवापासून अंडं नाही. सकाळी टोपली रिकामी दिसली की अख्खी गॅलरी खूश होते. असा आनंद आमच्या चाळीने आधी कधी केला नसेल.

८ मार्च

अँटॉप हिलच्या वसाहतीत भाषण. कोंबडीचीच गोष्ट सांगितली. शेवटी म्हटलं, "घोषणा नकोत. आज घरी जा आणि पहिलं ताट स्वतःचं वाढा." बाया उभ्या राहिल्या. टाळ्या थांबेनात.

दमून घरी आले. थोरला भाऊ जयवंतदादा आला होता. त्याला वाढलं, मला घेतलं. आई म्हणाली, "तुमचं होऊ दे." आणि आमचं होऊ दिलं आम्ही.

९ मार्च

कोंबडी आज आपल्या पायांवर फळीवर चढली. आईने ते पाहिलं, वॉकर टेकत आत आली, ओट्याजवळच्या खुर्चीत बसली.

"मोबाईलवर ऐकलं तुझं कालचं भाषण. वाढ आता. माझं आधी."