भागाकाराची भागवत पद्धत

२४ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. संकल्प: चौथीच्या संकलित चाचणीत आपली शाळा केंद्रातल्या सगळ्या शाळांत पहिली आणणे. मुख्याध्यापक मी, गणित माझ्याकडे, म्हणजे अर्धं काम झाल्यातच जमा. मराठी-इंग्रजी निता मॅडमकडे. पाचवीपर्यंतची शाळा आणि शिक्षक आम्ही दोघंच. मॅडम नवीन आहेत, त्यांची जरा काळजी वाटते.

प्रकरण गंभीर आहे. अनसिंगच्या कॉन्व्हेंटची पिवळी गाडी गावात चकरा मारून राह्यली. शाळा समितीचे अध्यक्ष जगदेवभाऊ स्पष्टच बोलले, सर, निकाल पाहू, नाही तं जूनपासून आमचे पोरं त्या गाडीत. पोरं गेली की शाळेला कुलूप. मी म्हटलं, भाऊ, तुमी निर्धास्त राहा.

२६ मार्च, बुधवार
पेपराला वेळ पुरत नाही, ही पोरांची जुनी रड. आंघोळ करताना उपाय सुचला. भागाकारात एखाद्या अंकाला भाग जात नसला की पोरं वर शून्य मांडत बसतात. ते मांडायचंच नाही. सरळ पुढचा अंक खाली ओढायचा. नाव ठेवलं: भागवत पद्धत.

वर्गात शिकवली. पोरांनी अर्ध्या वेळात दहा गणितं संपवली. उत्तरं तपासायची राहिली, पण वेग बघून समाधान झालं. निता मॅडम दारातून विचारत होत्या, सर, मधलं शून्य कुठे गेलं? म्हटलं, मॅडम, शून्याला काय किंमत असते. त्या फळ्यावरचं गणित वहीत उतरवून घेऊन गेल्या. पटलेलं दिसतं.

२ एप्रिल, बुधवार
चौथीतली वैष्णवी आठवडाभर गायब. मामाचं लग्न, रिठदला. नेमकी भागवत पद्धत सुरू असताना. तिच्या आईला फोन केला तर म्हणते, सर, एकच तं मामा हाय तिले. एवढ्यासाठी पोरीचं करिअर. ही मुलगी आपला निकाल बुडवणार.

५ एप्रिल, शनिवार
पालकसभा. जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी फारच छान बोललो. स्वतःलाच गहिवरून आलं. तेवढ्यात जगदेवभाऊ उठले. म्हणे, सर, शाळा इतकी चांगली हाय तं तुमची पोरगी वाशिमच्या कॉन्व्हेंटात काहून?

म्हटलं, मिसेसचा आग्रह. (प्रवेशाचा फॉर्म मी आणला होता. पण आग्रह अंजनाचाच असणार.) भाऊ म्हणाले, तिले बी बसवा मंग याच पेपराले, होऊ द्या दूध का दूध. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर नाही कसं म्हणणार? आमची वैभवीही चौथीतच, तिला गणित घरी मीच शिकवतो, भीती कशाची.

सायं. ६. चहा पिताना लक्षात आलं. वैभवी पुढे गेली तर शाळा गेली. मागे पडली तर घरात अंजना मला जगू देणार नाही. सगळ्यांचं सारखंच आलं तर उत्तम. देव बघून घेईल.

७ एप्रिल, सोमवार
निकालानंतर घाई नको म्हणून फ्लेक्स आधीच छापून घेतला. 'केंद्रात प्रथम! मार्गदर्शक: श्री. भागवत सर.' फोटो जॅकेटवाला. अंजना म्हणाली, पोरांचे फोटो कुठायत? म्हटलं, जागा उरली नाही.

११ एप्रिल, शुक्रवार
गणिताचा पेपर. पोरांनी वेळेच्या कितीतरी आधी पेपर दिले. निता मॅडम बघतच राहिल्या. वैभवीनेही भरभर सोडवला. मध्ये एकदाच हळूच विचारलं, पप्पा, सत्तेचाळीस म्हणजे फोर्टी-सेव्हन ना? वैष्णवी मात्र शेवटपर्यंत कडेला रेघोट्या मारत बसली. लग्नाचे परिणाम.

१६ एप्रिल, बुधवार
मॅडमनी पेपर तपासले. मराठीत वर्ग जोरात. इंग्रजीतही. वैभवीपेक्षाही दोघं-तिघं पुढे, हे घरी सांगायचं नाही.

गणितात एक प्रश्न होता: ६१२ रोपं ६ ओळींत सारखी लावली, तर एका ओळीत किती? सगळ्या वर्गाचं उत्तर १२. काय एकमत! वैभवीचंही १२. एकट्या वैष्णवीचं १०२. बोलावून विचारलं, असं कसं केलंस? म्हणते, ओळी काढून पाह्यल्या सर. बारा-बारा लावले तं बहात्तरच लागतेत. बाकीचे रोपं काय बकरीले टाकाचे?

उत्तरसूचीतही १०२ आहे. छपाईची चूक. केंद्रप्रमुखांना फोन करून लक्षात आणून देणे.

सायं. ५. फोन केला नाही. एकदा पाटीवर शून्य मांडून करून पाहिलं. शिवाय त्यांना रेंज नसते.

१ मे, गुरुवार
झेंडावंदन झालं, मग निकाल. केंद्रात आपण मराठीत पहिले, इंग्रजीत दुसरे. गणितात किती ते लिहीत नाही. जगदेवभाऊंनी रोपांचं गणित सगळ्यांसमोर वाचलं. मग वैभवीचा पेपर वाचला. म्हणे, शाळा दोन, पोरं अलग, चूक मात्र एकच. मास्तर बी एकच. लोक हसले. मीही हसलो. वाईट वाटलं, पण हसलो.

पिवळ्या गाडीत कोणीच जाणार नाही, असं मात्र ठरलं. म्हणजे शाळा वाचली, आणि माझ्याच काळात वाचली. अट एकच: जूनपासून मोठ्या वर्गांचं गणित निता मॅडमकडे.

५ मे, सोमवार
अंजनाने गच्चीवर कुरडया घातल्यात. खाली माझा फ्लेक्स. म्हणते, कापड जाड आहे, चिकटत नाही. जॅकेटवर सहा, कपाळावर दोन.

वैभवी म्हणाली, पप्पा, मला तुमच्या शाळेत यायचंय. डोळे भरून आले. अंजनाकडे विजयी नजरेने पाहिलं. पोरगी पुढे म्हणाली, पण निता मॅडमच्याच वर्गात.

दुपारी मॅडमनी जूनचं नियोजन पाठवलं. पहिलीचं गणित माझ्याकडे, एक ते नऊ. शून्य त्या स्वतः येऊन शिकवणार आहेत.