बांधराख्यांची चौदा घरं

जोहे, ता. पेण
मंगळवार, १६ एप्रिल १९९६

प्रिय नम्रता,

एकावन्न भांडी. प्रत्येकावर ‘सौ. नम्रता अमोल म्हात्रे’, म्हणजे नऊ अक्षरं, अक्षराला चार आणे. एकशे चौदा रुपये बारा आणे झाले, त्यातले बारा आणे दुकानदाराने ओळखीखातर सोडले. त्या दिवशी मला सौदा स्वस्त वाटला होता. खरी किंमत शनिवारी कळली, तुझं पत्र हातात पडलं तेव्हा. काका, पंधरा दिवसांत तुमचं उत्तर आलं नाही तर साखरपुड्याची अंगठी अमोलच्या हाती परत करीन, असं तू लिहिलंस. चार ओळींचं पत्र आणि एकही खाडाखोड नाही. मास्तर बापाची मुलगी शोभतेस. ते पंधरा दिवस उद्या संपतात, म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता आमच्या अमोलच्या खिशात घालतोय. नागोठण्याची शिफ्ट सुटली की तो तसाच रोह्याला येईल. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन तुझा बाप नाथा उचलतो, आणि यातली अर्धी गोष्ट नाथाने ऐकायची नाही. इतके दिवस मी गप्प, म्हणजे रागावलो, असं तू धरून चालली असशील. रागावलो होतोच. पण उशिराचं कारण दुसरंच आहे. ते अगदी शेवटी सांगतो, कारण सांगायला लाज वाटते.

पाडव्यानंतर तुम्ही बस्त्याला पेणला आलात, त्या दिवसापासून सुरू करतो. कपडे झाल्यावर मीच तुम्हाला भांड्यांच्या दुकानात नेलं. रोह्याला तुम्हा दोघांचा नवा संसार मांडायचा, तर सासऱ्याने हात आखडता घेतला असं कुणी म्हणायला नको. कारागीर शेवटच्या पातेल्यावर मशीन टरटरवत होता. तू एक तांब्या उचललास, नाव वाचलंस आणि जिथला तिथे ठेवलास. तुझी आई म्हणाली, “चांगली जड हायत हो भांडी.” आणि नाथा दाराशी उभं राहून तिच्या कानाशी लागून बोलला, “संपलं गो आपलं नाव. एकावन्न वेळा संपलं.” त्याला वाटलं, मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. पोरी, तीस वर्षं मी कारखान्यात गणपतीच्या मूर्तीला टिचकी मारून आतला तडा ऐकतोय. रंग चढल्यावर डोळ्यांना दिसत नाही तो तडा मला आवाजावरून कळतो. मला सगळं ऐकू गेलं. आणि खरं सांगू का, मला गार वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं.

का, ते तुला सांगायला हवं. तुझा बाप माझा जुना दोस्त आहे, हे तुला ठाऊक आहे. त्या दोस्तीत एक काटा आहे, तो त्यालाही ठाऊक नाही. कोपरखारच्या शाळेत आमच्या वर्गात आम्ही अकरा म्हात्रे. गुरुजींनी आम्हाला नंबर दिले होते. मी म्हात्रे पाच. कान धरायचा तर म्हात्रे पाच, शेण सारवायची पाळी म्हात्रे पाचची. नाथाला मात्र गुरुजी ‘बांधराखे’ म्हणून हाक मारायचे, आणि ती हाक सुद्धा जरा सावकाश, चवीने. चौथीत असताना पेणला चित्रांच्या स्पर्धेत माझ्या बैलाला पहिला नंबर मिळाला. व्यासपीठावरून पुकारलं, ‘म्हात्रे, कोपरखार’. मी चप्पल शोधतोय तोवर म्हात्रे दोन वर जाऊन कंपासपेटी घेऊनही आला. त्याने आयुष्यात बैल काढला नव्हता. आणि त्याच कार्यक्रमात पाहुण्यांनी नाथाला जवळ बोलावून विचारलं, काय रे, हे आडनाव कुठून आलं? झालं. नाथा छाती काढून सांगू लागला. खारजमिनीचा बांध फुटला, खांड पडली, समुद्राचं पाणी भातात घुसायला लागलं, तर आमचा मूळपुरुष त्या खांडीत रात्रभर आडवा पडला, आणि सरदाराने हातातलं कडं काढून दिलं, वर हे नाव दिलं. उभ्या महाराष्ट्रात आमची फक्त चौदा घरं! पाहुण्यांनी पाठ थोपटली. बक्षीस माझं, ते नेलं दुसऱ्या म्हात्रेने, आणि शाबासकी नेली बांधराख्याने. त्या दिवशी घरी येऊन मी भाकरी खाल्ली नाही.

नंतर मी काय कमी केलं? सोळाव्या वर्षी हमरापूरला दुसऱ्याच्या कारखान्यात माती तुडवायला लागलो. आज माझा स्वतःचा कारखाना आहे, चाळीस माणसं हाताखाली आहेत, माझा गणपती दुबईला जातो. पेणच्या स्टँडवर उतर आणि नुसतं ‘गुणाजी म्हात्रे’ म्हण, रिक्षावाला दारात आणून सोडतो. हे मी किती जणांना किती वेळा ऐकवलं असेल! तुझ्याच साखरपुड्यात दोनदा ऐकवलं. पण नाथाची चौदा घरं निघाली की माझ्या चाळीस माणसांकडे कुणी बघत नाही. लोक त्यालाच विचारतात, मग पुढे काय झालं, आणि नाथा पुन्हा त्या खांडीत आडवा पडतो.

दुकानातल्या त्या दिवसानंतर मला चेव आला. म्हटलं, चौदा घरं मोजूनच बघू. जिल्ह्याची टेलिफोन डिरेक्टरी घेतली. म्हात्रे एकवीस रकाने भरून, मोजता मोजता चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या. बांधराखे दोन. एक नाथा, दुसरा अलिबागचा कुणी दत्तात्रेय. तिथे फोन लावला. एका बाईने उचलला. म्हणाली, ते जाऊन सहा वर्षं झाली, मुली लग्न होऊन गेल्या, फोन तेवढा त्यांच्या नावाने चालू ठेवलाय. सध्या निवडणुकीची धामधूम, त्यामुळे कार्यकर्ते मतदारयाद्या घेऊन माझ्या कारखान्यात चहाला बसलेले असतात. त्यांना पेण आणि रोहा दोन्ही तालुके चाळायला लावले. बांधराखे सापडले तीन. तू, तुझी आई, तुझा बाप. मी यादी मिटली आणि चहात साखर जास्त घालायला सांगितली. आमच्या सीताबाईंनी विचारलं, “आज काय एवढं तोंड गोड?” मी म्हटलं, “काय नाय गो, एकाचा हिशेब जुळला.” तिला काय सांगणार, की दोस्ताचं नाव संपतंय म्हणून तुझ्या नवऱ्याला साखर गोड लागतेय!

मग शनिवारी तुझं पत्र आलं. लिहिलं होतंस, मी नाव बदलणार नाही, भांडी म्हणजे तुमचा निकाल असेल तर मला तो मान्य नाही. वाचून माझं डोकं फिरलं. अमोलला विचारलं, तुला माहीत होतं? तो मान खाली घालून म्हणाला, “मला चालतंय हो दादा, पण तुम्हाला कोण सांगणार?” बघ, हा तुझा होणारा नवरा. कारखान्यात आवाज चढवतो आणि घरात मांजर. मी त्याच तिरिमिरीत ठरवलं, या नावाची मुळापासून पोलखोल करायची आणि लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर वाजवायची. म्हणजे बापाचीही जिरेल आणि मुलीचीही. रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि कोपरखारला हैबतरावांकडे गेलो. हैबतराव म्हणजे गावचे जुने पाटील, नव्वदीला टेकलेत, डोळे गेले, पण जीभ शाबूत आहे. तुझे आजोबा आणि ते शाळेत एका फळीवर बसायचे.

मी म्हटलं, पाटील, बांधराख्यांना नाव कुठल्या सरदाराने दिलं हो? म्हातारा इतका हसला की सुनेला येऊन पाठ चोळावी लागली. “सरदार कसला रं! मास्तरनं दिला. मी हुतो ना तिथं बसलेला.” मग त्यांनी सांगितलं ते असं. खारीच्या बांधाला पूर्वी राखण असायची. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधावरून फिरायचं, कुठे पाणी झिरपतंय बघायचं, खांड पडली तर शंख फुंकून गाव उठवायचं. हे काम एका घराचं नव्हतंच. दर वर्षी घर बदलायचं, त्याला बारी म्हणायचे. ज्याची बारी तो त्या सालचा बांधराखा, आणि घरटी पायलीभर तांदूळ ही त्याची मजुरी. गावात शाळा सुरू झाली, मास्तर नावं लिहायला बसले. दोन पोरांचं नाव एक, बापाचं नाव एक, आणि आडनाव म्हात्रे. मास्तर वैतागून म्हणाले, अरे, यातला हा कुठला? कुणीतरी बोललं, ह्याच्या बापाची यंदा बारी हाय, ह्यो बांधराख्याचा. मास्तरांनी लिहून टाकलं. तो पोरगा म्हणजे तुझे आजोबा.

मी विचारलं, आणि पुढच्या साली बारी कुणाची होती? हैबतराव म्हणाले, “तुमचीच की! तुज्या आज्याची.” नम्रता, मी तिथे ओट्यावर बसलो होतो तो उभा राहिलो. एक वर्ष! शाळा एक वर्ष उशिरा उघडली असती तर मी बांधराखे आणि नाथा म्हात्रे पाच. कंपासपेटी माझी, शाबासकी माझी. आयुष्यात एवढं जळलो नव्हतो. म्हटलं, आणि ते खांडीत आडवं पडणं? ते तरी खरं की तेही खोटं? म्हातारा म्हणाला, “खोटं कशाला? तुजा आजा पडला, माजा बाप पडला. ज्याची बारी तो पडला. आडवं सगळंच झालं रं.” मग त्यांनी विचारलं, बांध हाय का अजून? मला सांगावं लागलं, की पाटील, बांध गेला. सात वर्षांपूर्वीच्या उधाणात फुटला, कुणी बांधला नाही. सगळे कंपनीत. आता तिथे तिवरं माजलीत, भाताच्या जागी खेकडे मिळतात. म्हातारा म्हणाला, “म्हंजे बांध नाय, खार नाय, बारी नाय. मग आमी तिथं रातरात उबं ऱ्हायलो, त्याचं काय ऱ्हायलं रं? त्या मास्तरनं लिवलं तेवडंच ना?”

परत येताना पेणच्या आधी स्कूटर थांबवून एका टपरीवर चहा घेतला, तोही अर्धा टाकला. माझा आजा त्या चिखलात पडला होता, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या एकवीस रकान्यांत ते कुठे लिहिलेलं नाही. लिहिलंय ते तुमच्या दोन ओळींत. ज्या नावावर मी पन्नास वर्षं दात धरला आणि जे संपतंय म्हणून साखर खाल्ली, त्यात माझ्या घरचंही एक साल आहे. हेवा गेला असं मात्र लिहीत नाही, तू हुशार आहेस, तुला खोटं कळेल. अजूनही वाटतं, शाळा एक वर्ष उशिरा उघडायला काय हरकत होती?

तर पत्र लिहायचं कारण. लग्न ठरल्या दिवशीच होणार. घरात आल्यावर तांदळाच्या ताटात अमोल अंगठीने नाव लिहील ते ‘नम्रता नाथा बांधराखे’. भटजींना मी कालच सांगून आलो. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण माझा गणपती त्यांच्याकडे फुकट जातो. ताटात तांदूळ मात्र पायलीभर घ्यायला लावणार आहे. बारीची मजुरी समज, का ते तुला आणि मलाच ठाऊक. पोरांचं पुढे तुमचं तुम्ही ठरवा, मी कान बंद ठेवीन. ती एकावन्न भांडी कारखान्यात दिली. घासून नाव जात नाही, पत्रा पातळ होतो. कालपासून माझी चाळीस माणसं सौ. नम्रताच्या पातेल्यातला चहा पितात आणि मला हसतात. तुला नवी भांडी आणीन, कोरी. आणि एक मागणं आहे. हैबतरावांचं बोलणं नाथाला कळू देऊ नकोस. त्याचा सरदार, त्याचं कडं, त्याची चौदा घरं, सगळं जागच्या जागी राहू दे. पंगतीत तो पुन्हा खांडीत आडवा पडला तर मीच विचारणार आहे, मग पुढे काय झालं?

तुझाच,
गुणाकाका

ता.क. उशिराचं कारण. तुझ्या पाकिटावर नुसतं ‘गुणाजी म्हात्रे, पेण’ होतं, ते मला अकराव्या दिवशी मिळालं, तेही फोडलेलं. आधी एका वीटभट्टीवाल्याने वाचलं, मग एसटीच्या एका कंडक्टरने, मग एका वारलेल्या माणसाच्या बायकोने. तिने ते स्वतः आणून दिलं आणि वर म्हणाली, “पोरीचं बरोबर हाय हो.” पुढच्या वेळी पत्ता नीट लिही. पेणमध्ये गुणाजी म्हात्रे चार आहेत.